निवृत्तांचा हिवाळा : आपल्या परिसराचा एक अभ्यास

दसरा-दिवाळी उरकली की सकाळच्या प्रार्थनेला तुमचे हात स्वेटरच्या बाह्यांत दडलेले दिसतात. याच दिवसांत शाळेच्या वाटेवर आणखी एक दृश्य दिसते. कोवळ्या उन्हात देवळाच्या कट्ट्यावर चार-पाच वृद्ध मंडळी बसलेली असतात. कोणाच्या डोक्याला कानटोपी, कोणाच्या गळ्यात मफलर, कोणाच्या खांद्यावर घोंगडे. एकाच्या हाती वर्तमानपत्र असते, बाकीचे ऐकत असतात. त्यांतले काहीजण जन्मभर याच गावात राबलेले आहेत. काहीजण मात्र तीस-चाळीस वर्षे मुंबईत, पुण्यात किंवा सैन्यात काढून निवृत्तीनंतर गावी परतलेले आहेत.

या अंकातील परिसर अभ्यासाचा पाठ या परतलेल्या मंडळींवर आहे. त्यांचा हिवाळा कसा जातो? पहाटेपासून रात्रीपर्यंत ती काय करतात? त्यांना काय सुख आहे आणि कशाची अडचण आहे? पाठ तुमच्यासाठी असला, तरी पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही तो वाचावा अशी आमची विनंती आहे. पाठाच्या शेवटी त्यांच्यासाठीही थोडा गृहपाठ ठेवला आहे!

आपल्याकडे थंडी का पडते?

आधी थोडा भूगोल पाहू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, निपाणी त्याहून काहीशी खाली. हजार मीटर वर गेले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे तुम्ही शिकला आहात. म्हणजे नुसत्या उंचीमुळेच बेळगावची हवा मुंबईपेक्षा चार-पाच अंशांनी थंड असायला हवी. त्यात हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते, हवा कोरडी असते आणि समुद्र दूर असतो. दिवसा तापलेली जमीन रात्री ढगांचे पांघरूण नसल्याने भराभर निवते. म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो. वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या उसाच्या शिवारात तर पहाटे दहा पावलांवरचे माणूस दिसू नये इतके धुके दाटते.

दिवसाची लांबीही पाहा. २१ जूनच्या सुमारास आपला दिवस सुमारे १३ तासांचा असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तो सुमारे ११ तास १० मिनिटांवर येतो. मात्र एक गंमत लक्षात ठेवा. सर्वांत लहान दिवस डिसेंबरात असला, तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय आपल्याकडे जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात होतो. त्या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. 'संक्रांत झाली तरी पहाटेचा काळोख हटत नाही' असे आजोबा म्हणतात, ते अगदी खरे आहे.

परतलेले लोक कोण?

आपल्या भागातून कामासाठी बाहेर जाण्याची रीत जुनी आहे. लालबाग-परळच्या कापड गिरण्या, मुंबईची गोदी, बेस्ट, पोलीस खाते, पुणे-पिंपरीचे कारखाने, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि गोव्यातील कामे यांकडे घरटी एक तरी माणूस गेलेला असे. मुंबईत एका गावची माणसे मिळून एक खोली घेत. पाळीपाळीने तेथे झोपत, खानावळीत जेवत आणि मनीऑर्डरीने गावी पैसे धाडत.

दुसरी वाट सैन्याची. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र बेळगावातच आहे, त्यामुळे या पंचक्रोशीत सैनिकाचे घर नाही असे गाव विरळा. शिपायाला १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळते. त्यामुळे अनेक जवान चाळिशीच्या आतबाहेरच गावी येतात. ते 'निवृत्त' असतात, पण म्हातारे नसतात.

सगळ्यांची परतण्याची तऱ्हा मात्र सारखी नसते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांवर कामगार त्यात उतरले. पुढे अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत आणि कितीतरी कामगार ऐन उमेदीच्या वयात रिकाम्या हातांनी गावी परतले. कारखान्यांतील कामगारांसाठी आज जी निवृत्तिवेतन योजना आहे, ती १६ नोव्हेंबर १९९५ रोजी सुरू झाली. त्याआधीच ज्यांची गिरणी सुटली, त्यांतील अनेकांना तिचा लाभ झाला नाही. ज्यांना झाला, त्यांचीही रक्कम लहान असते. सप्टेंबर २०१४ पासून ती महिन्याला किमान १,००० रुपये ठरवण्यात आली. तेव्हा 'पेन्शनर' हा शब्द एकच असला, तरी माजी सैनिकाचा हिवाळा आणि माजी गिरणी कामगाराचा हिवाळा सारखा नसतो, हे ध्यानात घ्या.

आणखी एक गोष्ट केवळ आपल्या सीमाभागाची आहे. १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका वगळता, तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. मुंबईत नोकरी केलेल्या आपल्या माणसाचे सर्व कागद मराठीत किंवा इंग्रजीत असतात. गावी परतल्यावर त्याचे घर, शेत, गल्ली आणि बोली तीच असते. पण तलाठ्यापासून बँकेपर्यंतचा बराचसा कागद कन्नडमध्ये येतो. स्वतःच्या जन्मगावात परतूनही त्याला काही बाबतींत नवख्यासारखे व्हावे लागते.

दिवस कसा जातो?

पहाटे पाचला जाग येते. ही नोकरीची सवय असते, ती सुटत नाही. वाकळ बाजूला सारून आजी उठतात. परड्यातल्या चुलीवर नाही तर तांब्याच्या बंबात पाणी तापत ठेवले जाते. बंबाला उसाची चिपाडे, शेणी, तुरीच्या काटक्या, जे हाताशी असेल ते लागते. ही तयारी पावसाळा संपताच केलेली असते. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणे, घोंगडी उन्हात टाकणे, शेणी थापून वाळवून रचणे, कौले फिरवून घेणे ही कामे ऑक्टोबरातच उरकतात. मुंबईहून आलेल्यांना हे पहिल्या वर्षी सुचत नाही. एक आजोबा आम्हांला म्हणाले, "मुंबईत पस्तीस वर्षं एका चादरीवर काढली. इथं पहिल्याच थंडीत शेजारणीनं वाकळ आणून दिली, तवा निभावलं."

सूर्य वर आला की सोप्यात किंवा कट्ट्यावर ऊन खात बसणे, हा दिवसाचा सर्वांत आवडता भाग. चहा होतो, वर्तमानपत्र येते. एकच अंक पाच-सहाजणांच्या हातांतून जातो. कोणाचा ऊस तुटला, कोणाची तोड लांबली, कोणाच्या मुलाला कोठे नोकरी लागली, हे सर्व येथे कळते. एखादा नेहमीचा माणूस सकाळी कट्ट्यावर दिसला नाही, तर कोणीतरी त्याच्या दारात जाऊन हाक मारतो. ही साधी गोष्ट नाही. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

दुपारी थोडे काम, थोडी झोप. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गारवा झपाट्याने वाढतो. मग गल्लीच्या तोंडाशी पालापाचोळा व काटक्यांची शेकोटी पेटते. मुले, तरुण, म्हातारे सगळे तिच्याभोवती जमतात. सरहद्दीवरच्या आणि गिरणीतल्या गोष्टी, बाजारभाव, भुतांच्या कथा, सारे येथेच ऐकावे. आठ-साडेआठला दारे बंद होतात आणि मग रात्र फार मोठी असते.

हिवाळ्याची कामे आणि शिदोरी

हिवाळा हा आपल्याकडे सुगीचा काळ. बेळगावच्या पश्चिमेकडील गावांत भात कापून मळणी होते, रताळी निघतात. निपाणीकडे तंबाखू ऐन भरात असतो. शेंडे खुडणे आणि फुटवे काढणे ही कामे आधी होतात, मग जानेवारी-फेब्रुवारीत तंबाखू कापून वाळत घालतात. नोव्हेंबरपासून साखर कारखाने पेटतात. निवृत्त मंडळींना शेतात जड काम झेपत नाही. मात्र राखण, मजुरांची हजेरी, वजनाच्या पावत्या, पैशांचा हिशोब या गोष्टी त्यांच्याकडे येतात. चाळीस वर्षे घड्याळाच्या काट्यावर काम केलेला माणूस हिशोबाला चोख असतो.

गुऱ्हाळ हे तर त्यांचे खास ठिकाण. उसाचा रस काहिलीत उकळत असतो, चुलवाणात चिपाडे धडधडत असतात. भेंडीचे पाणी घालून रसावरची मळी काढली जाते आणि गुळव्या पाकाची परीक्षा करत उभा असतो. आजोबा चुलवाणाच्या उबेला बसतात. काकवीची वाटी आणि गरम गुळाचा खडा हातात पडतो. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र तेथे हात आखडता घ्यावा!

जेवणही थंडीला साजेसे असते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, हरभऱ्याचे डहाळे, जानेवारीअखेरीस ज्वारीचा हुरडा, भोगीची मिसळीची भाजी आणि डिंकाचे लाडू असे पदार्थ असतात. बाजरी, तीळ, गूळ, डिंक यांना आपले लोक 'उष्ण' म्हणतात. शास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर तिळासारख्या तेलबियांत ऊर्जा भरपूर असते आणि थंडीत शरीराला ऊब राखण्यासाठी ऊर्जा लागते. तेव्हा जुन्या माणसांची निवड काही वावगी नाही.

सणवारही याच काळात येतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लमा डोंगरावर यात्रा भरते आणि त्याच सुमारास दत्तजयंतीला नृसिंहवाडीकडे रीघ लागते. १४-१५ जानेवारीला संक्रांत असते. १७ जानेवारीला सीमाभागात हुतात्मा दिन पाळला जातो. १९५६ साली भाषेच्या प्रश्नावरील आंदोलनात गोळीबारात बळी पडलेल्यांचे त्या दिवशी स्मरण होते. अनेक आजोबांना त्या आठवणी वडिलांच्या तोंडून मिळालेल्या आहेत. हिवाळ्यात कारदगा, कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे ग्रामीण मराठी साहित्य संमेलने भरतात. पुढच्या रांगांत कोण बसलेले असते ते एकदा पाहा. निवृत्त मंडळी श्रोते असतात, कार्यकर्ते असतात आणि वर्गणीची पावती पुस्तकेही त्यांच्याच पिशवीत असतात.

दूरदेशी असेच कोणी

असा हिवाळा केवळ आपल्याकडेच असतो असे नाही. युरोपात फ्रान्सच्या खेड्यांत, विशेषतः नैर्ऋत्येच्या दोर्दोन्य परिसरात, इंग्लंडमधील अनेक लोक निवृत्तीनंतर जाऊन राहिले आहेत. इंग्लंडपेक्षा तेथे जुनी दगडी घरे स्वस्त मिळत, उन्हाळा सुंदर असतो, म्हणून ते गेले. पण हिवाळा आला की खरी परीक्षा सुरू होते. दोर्दोन्य सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २२ डिसेंबरचा दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. जाड दगडी भिंती सहजी तापत नाहीत. लाकडाची शेगडी पेटवावी लागते आणि त्यासाठीचे लाकूड आधीपासून सुकवून रचून ठेवावे लागते. तेथे जळाऊ लाकूड 'स्तेर' या मापाने विकतात. एक स्तेर म्हणजे एक मीटर लांब, रुंद व उंच रचलेला ढीग. आपल्या आजी शेणी रचतात, ते लाकूड रचतात. थंडीची तयारी थंडीच्या आधी करावी लागते, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

दुसरे साम्य भाषेचे. गावच्या कचेरीतला कागद फ्रेंचमध्ये असतो. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले. त्यानंतर तेथे राहणाऱ्या या लोकांना वास्तव्याचे नवे ओळखपत्र काढावे लागले. ज्यांना भाषा येत होती किंवा ज्यांचे शेजारी मदतीला आले, त्यांचे काम सोपे झाले.

तिसरी गोष्ट गणिताच्या तासाला उपयोगी पडेल. ब्रिटिश सरकार वृद्धांना हिवाळ्यात इंधनासाठी काही रक्कम देत असे. परदेशी राहणाऱ्या पात्र वृद्धांनाही ती मिळे. २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून फ्रान्समध्ये राहणाऱ्यांची ती बंद झाली. कारण असे दिले गेले, की फ्रान्सचे हिवाळ्यातील सरासरी तापमान इंग्लंडच्या सर्वांत उबदार, नैर्ऋत्य भागापेक्षा जास्त आहे. ही सरासरी काढताना फ्रान्सच्या ताब्यातील कॅरिबियन समुद्रातील आणि हिंदी महासागरातील उष्ण बेटेही हिशोबात धरली गेली होती! दगडी घरात कुडकुडणाऱ्या म्हातारीला त्या बेटांच्या उन्हाचा काय उपयोग? सरासरी काढताना त्यात काय काय मिसळले आहे, हे नेहमी विचारावे.

मात्र एक फरक मोठा आहे. ते लोक परक्या देशात गेले. आपली मंडळी स्वतःच्या गावी आली. त्यांच्यापाशी बालपणीचा मित्र आहे, भाऊबंद आहेत, कट्टा आहे. ही मोठी पुंजी आहे. पण तिच्याकडे लक्ष दिले नाही, तर तीही आटते. आता पुष्कळ घरांत मुले पुण्या-बंगळूरला असतात आणि मोठ्या घरात दोनच म्हातारी माणसे राहतात. त्यांच्यासाठी हिवाळ्याची रात्र फ्रान्समधल्या रात्रीइतकीच लांब होते.

एका कागदाची गोष्ट

निवृत्तांच्या हिवाळ्यात एक कागद फार महत्त्वाचा असतो. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती जिवंत आहे, हे वर्षातून एकदा सिद्ध करावे लागते. केंद्र सरकारचे व महाराष्ट्र राज्याचे निवृत्तिवेतनधारक तो नोव्हेंबर महिन्यात देतात. केंद्राच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. वेळेत दाखला गेला नाही, तर पुढचे निवृत्तिवेतन थांबते. दाखला दिल्यावर थकबाकीसह सुरू होते, पण मधल्या महिन्यांत औषधे कशी आणावी?

कारखान्यातील कामगारांच्या योजनेचा नियम मात्र वेगळा आहे. तेथे दाखला ज्या दिवशी दिला, त्या दिवसापासून वर्षभर चालतो. नोव्हेंबरचे बंधन नाही. हा फरक न कळल्याने काय होते, ते आम्ही जवळून पाहिले.

आमच्या शाळेच्या एका मुलीच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांनी जन्मभर विड्या वळल्या. त्यांचे निवृत्तिवेतन थोडे, पण घर त्यावरच चालते. त्यांनी आदल्या वर्षी सप्टेंबरात दाखला दिला होता. गल्लीतले माजी सैनिक नोव्हेंबरात जातात, म्हणून यंदा आपणही त्यांच्याबरोबर जाऊ असे त्यांनी ठरवले. इकडे सप्टेंबरातच वर्ष भरले आणि पैसे थांबले. बँकेत गेल्या, तर यंत्र अंगठा घेईना. विड्या वळून आणि वयामुळे बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. तेथून एक चिठ्ठी मिळाली, ती कन्नडमध्ये होती. आजींनी ती देवाच्या फोटोमागे ठेवून दिली. दोन महिने त्यांनी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ही मुलगी संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेली, तेव्हा तिने सहज ती चिठ्ठी वाचली. अंगठा जुळत नसल्यास चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, एवढेच तीत लिहिले होते. तिच्या दादाने मोबाइलवर ते काम उजेडात, खिडकीपाशी बसून, पंधरा-वीस मिनिटांत केले. पुढे थकलेले पैसे जमा झाले.

विद्यार्थी मित्रहो, या गोष्टीत मोठे शौर्य नाही. एक चिठ्ठी वाचली गेली, एवढेच. पण ती आधी वाचली गेली असती, तर आजींच्या गोळ्या चुकल्या नसत्या. आपण शाळेत कन्नड शिकता, तेव्हा 'हे कशाला?' असे कधी कधी विचारता. त्याचे एक उत्तर येथे आहे. मराठी ही आपली आई आहे, तिचे प्रेम कन्नड वाचता आल्याने उणे होत नाही. उलट, आपल्याच मराठी आजीच्या हातातला कागद आपण वाचू शकतो.

दाखल्याविषयी थोडक्यात माहिती

डिजिटल दाखल्याची 'जीवन प्रमाण' ही सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२१ पासून आहे. त्यासाठी आधार क्रमांक, निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक, बँक खाते क्रमांक आणि मोबाइल लागतो. पोस्टमनदादा घरी येऊनही हे काम करून देतात. अंथरुणाला खिळलेल्यांना ती सोय फार उपयोगी आहे. माजी सैनिकांची वार्षिक ओळख आता 'स्पर्श' या व्यवस्थेमार्फत होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 'तुमचा दाखला अडला आहे, ओटीपी सांगा' असा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजावा. फोनवर कोणालाही ओटीपी सांगू नये.

थंडीत काय जपावे?

१. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात व रक्तदाब वाढतो. वृद्धांनी जाग येताच एकदम उठून गार हवेत जाऊ नये. थोडे बसावे, अंग झाकावे, मग उठावे. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

२. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. शेगडी वापरलीच तर दार-खिडकी उघडी असावी आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर न्यावी.

३. उसाच्या हंगामात रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. धुक्यात ते दिसत नाहीत आणि चालणारा माणूसही दिसत नाही. आजोबांनी फिरायला ऊन पडल्यावर जावे, उठून दिसणाऱ्या रंगाचे कपडे घालावेत, हमरस्ता टाळावा.

४. थंडीत तहान कमी लागते, पण शरीराला पाणी लागतेच. आजी-आजोबांना कोमट पाणी आठवणीने द्यावे.

५. चुलीच्या धुराने दमा वाढतो. पाणी शक्यतो परड्यात, उघड्यावर तापवावे.

पुन्हा कट्ट्याकडे

एखादा माणूस सकाळी दिसला नाही तर कट्ट्यावरचे लोक हाक मारतात, असे आपण वर पाहिले. गावी परतलेल्या माणसाला आपले घर मिळते, शेत मिळते, हवा मिळते. पण हिवाळा पार पडतो तो वाकळ आणून देणाऱ्या शेजारणीमुळे, हाक मारणाऱ्या मित्रामुळे आणि चिठ्ठी वाचणाऱ्या मुलीमुळे. जे आजारपणामुळे कट्ट्यावर येऊ शकत नाहीत आणि ज्या आजी कट्ट्यावर बसतच नाहीत, त्यांना हाक कोण मारणार? हे काम आपण घेऊ शकतो.

उपक्रम व स्वाध्याय

१. आपल्या गल्लीतील एका निवृत्त व्यक्तीची भेट घ्या. ती कोठे, कोणते काम करत होती, गावी केव्हा परतली आणि पहिला हिवाळा कसा गेला, हे विचारून वहीत एक पान लिहा.

२. परवानगी घेऊन त्यांचा दाखला गेल्या वर्षी कोणत्या तारखेला दिला ते पाहा आणि यंदाची तारीख मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून घरातील दिनदर्शिकेवर चिकटवा. कागदपत्रांचे क्रमांक आपल्या वहीत उतरवू नका.

३. डिसेंबर व जानेवारीतील प्रत्येक रविवारी सूर्योदयाची वेळ नोंदवा. सर्वांत उशिराचा सूर्योदय कोणत्या आठवड्यात आला?

४. वाकळ, परडे, बंब, चुलवाण, काहील, माडगे या शब्दांचे अर्थ घरातील मोठ्यांना विचारा आणि प्रत्येकाचे एक वाक्य करा.

५. पाच विद्यार्थ्यांच्या उंचीची सरासरी काढा. मग एका शिक्षकांची उंची त्यात मिळवून पुन्हा काढा. सरासरी किती बदलली?

पालकांसाठी : गावी असलेल्या आई-वडिलांना दूरध्वनी करताना तब्येतीबरोबर 'दाखला झाला का?' हेही विचारावे.

विश्वस्त मंडळींना विनंती : नोव्हेंबरातील शनिवारी दुपारी शाळेचा संगणक कक्ष दोन तास उघडा ठेवावा. एक शिक्षक आणि वरच्या वर्गातील चार विद्यार्थी बसतील. परिसरातील कोणीही आजी-आजोबा यावेत, कागद वाचून घ्यावा, दाखला करून घ्यावा, चहा घेऊन जावे. यास फार खर्च येणार नाही. चहाचा खर्च आम्ही शिक्षक उचलू.

विद्यार्थी मित्रहो, उद्या सकाळी शाळेला येताना कट्ट्यावर पाहा. जे दिसतील त्यांना नमस्कार करा. आणि जे दिसणार नाहीत, त्यांच्या दारावरून या.